ऐकू नये म्हणून वाजवलेले ढोल

महोदय,

इंटरनेटबंदीची बातमी आली की ‘हे नवंच काढलंय’ म्हणणारे भेटतात. नवं कसलं! सोव्हिएत रशियाने १९४८ मध्येच ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी सरकारच्या रेडिओच्या रशियन प्रसारणावर, त्याच फ्रिक्वेन्सीवर घरघर सोडायला सुरुवात केली. यालाच जॅमिंग म्हणतात. पुढे बीबीसीलाही तोच प्रसाद मिळाला आणि मधली काही वर्षे वगळता तो १९८७ पर्यंत चालला. विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांचे डॉल्बी समोरासमोर आले की काय ऐकू येते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. गंमत म्हणजे शहरातल्या जॅमरची, म्हणजे घरघर सोडणाऱ्या ट्रान्समीटरची, जमिनीलगतची लहर लांब पोहोचत नसे. त्यामुळे मॉस्कोबाहेर, गावाकडच्या घरी गेलेल्यांना बातम्या बऱ्या ऐकू येत.

चीनने तर चक्क संगीत वापरले. नको असलेल्या केंद्रावर ढोल, झांजा आणि सनईसारख्या वाद्यांचे एकच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा. शिवाजी पेठेत रात्री रेडिओचा काटा फिरवताना मीही ते ऐकले आहे. मागे कुणीतरी तिबेटी बोलत होते, शब्द मात्र एकही लागेना.

तरी जॅमिंग महागडे. प्रत्येक फ्रिक्वेन्सीमागे ट्रान्समीटर आणि वीज लागते. इंटरनेट तोडायला एक आदेश पुरतो. म्हणूनच २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटल्यावर बीबीसीने तिकडे पुन्हा शॉर्टवेव्ह, म्हणजे दूरवर पोहोचणाऱ्या रेडिओ लहरींवरचे प्रसारण, सुरू केले असावे.

जुना सेट भंगारात देण्याआधी सेल घालून शॉर्टवेव्हचा ३१ मीटर बँड एकदा फिरवा. फक्त घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद ठेवा, नाहीतर त्यांचीच खरखर ऐकत बसाल.

– एक श्रोता, शिवाजी पेठ, कोल्हापूर