व्याघ्रगणनेच्या मूळ नोंदी खुल्या कराव्यात: केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, भारत सरकार

सादर नमस्कार.

दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत 2006 साली 1,411 वाघांचा अंदाज निघाला होता. 2018 साली तो 2,967 वर गेला. 2018 च्या गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले गेले, सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे मिळाली आणि त्यांतून 2,461 वाघ वेगवेगळे ओळखता आले. यामागची वनरक्षकांची पायपीट मी जवळून पाहिली आहे आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. माझी मागणी एवढीच आहे, की ज्या नोंदींवरून हे आकडे निघतात त्या इतर संशोधकांनाही मिळाव्यात आणि तेच गणित त्यांना पुन्हा मांडून पाहता यावे.

छायाचित्रातला वाघ त्याच्या पट्ट्यांवरून ओळखतात; पण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून एकाच वाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. पट्टे जुळवून झाले की एक साधा तक्ता तयार होतो: प्रत्येक ओळ एका वाघाची, प्रत्येक रकाना एका रात्रीचा, वाघ टिपला गेला तर 1, नाही तर 0. संख्येचा सगळा अंदाज या तक्त्यावर, कॅमेऱ्यांमधल्या अंतरांवर आणि कोणता कॅमेरा किती रात्री चालू होता यावर उभा असतो. एखाद्या ठिकाणचा एक कॅमेरा बंद पडला आणि एकाच वाघाच्या दोन बाजू दोन वाघ म्हणून नोंदल्या गेल्या, तर अंदाज फुगतो; छापील अहवालातल्या अंतिम आकड्यावरून मात्र ही चूक कोणालाही पकडता येत नाही.

पूर्वी पावलांच्या ठशांवरून गणना होत असे. 2005 साली राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा कागदावर वाघ होतेच. आजची पद्धत त्याहून कितीतरी सरस आहे, पण तपासणीची गरज तिलाही आहे. 2015 साली ठशां-विष्ठांसारख्या खुणांवरून संख्या काढण्याच्या रीतीवर एका शोधनिबंधाने आक्षेप घेतला, पुढे त्याला उत्तरही दिले गेले. मूळ नोंदी सर्वांसमोर असत्या, तर हा वाद आकडेमोडीनेच पुढे गेला असता.

नोंदी खुल्या केल्या तर शिकाऱ्यांना वाट सापडेल, ही भीती रास्त आहे. 2013 साली मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातील एका वाघाच्या गळ्यातल्या, त्याचा ठावठिकाणा कळवणाऱ्या कॉलरची माहिती जिथे येत होती, त्या ई-मेल खात्यात शिरण्याचा प्रयत्न झाल्याचे वृत्त होते. परंतु संख्येच्या मूळ गणिताला लागतात ती कॅमेऱ्यांमधली परस्पर अंतरे. त्यांचे अक्षांश-रेखांश लागत नाहीत. कॅमेऱ्यांच्या जागांचा सगळा आराखडा नकाशावरून सरकवून आणि फिरवून दिला, जागेचे नाव काढून टाकले, तरी अंतरे तीच राहतात आणि उत्तरही तेच येते. ताज्या ठिकाणांची माहिती जरूर गुप्त ठेवावी, तक्ता गुप्त ठेवण्याचे कारण नाही.

सार्वजनिक निधीतून जमा झालेली माहिती खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण 2012 पासून आहे. तरीही एका वनक्षेत्राच्या जुन्या नोंदी मागण्यासाठी मी केलेल्या तीन अर्जांना संबंधित कार्यालयाकडून पोचसुद्धा मिळाली नाही.

म्हणून विनंती आहे, की 2026 च्या गणनेच्या अहवालासोबतच हे तक्ते, कॅमेऱ्यांचे सरकवलेले आराखडे, प्रत्येक कॅमेरा चालू असलेल्या रात्रींचा हिशेब आणि गणितासाठी वापरलेला संगणकीय कोड प्रसिद्ध करण्याचे आदेश आपण द्यावेत, आणि मागील गणनांच्या नोंदींसाठी मुदत ठरवून द्यावी.

आपला विश्वासू,
एक वन्यजीव संशोधक