गावठाणाची मोजणी झाली, हक्कचौकशीचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शेताला सातबारा असतो. गावठाणातील घराला मात्र पिढ्यान्‌पिढ्या ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर भागवावे लागले आणि तोही घरपट्टीच्या आकारणीपुरताच. त्यामुळे 2020 साली स्वामित्व योजनेतून गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरांना मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळू लागल्या, याचे स्वागतच आहे. पण ड्रोन छपरे मोजतो. छपराखाली कोणाचा किती हिस्सा, हे हक्कचौकशीतच ठरते आणि घाई नेमकी तिथेच होते.

ड्रोन उडण्याआधी चुन्याने हद्दी आखतात. त्या दिवशी जो गावी हजर, त्याच्या सांगण्यावरून चुना पडतो. आमच्याच भावकीतील एका सामाईक घराच्या पत्रिकेवर तिघा भावांपैकी गावी राहणाऱ्या एकाचेच नाव लागले. दोघे मुंबईत असल्याने ग्रामपंचायतीच्या फलकावरील नोटीस त्यांना दिसणे शक्यच नव्हते. बहिणींना तर कोणी विचारलेही नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती 2005 ची आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातील, म्हणजे हक्कांच्या सरकारी दप्तरातील नोंद, तिच्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे वगळलेल्या वारसानेच पुरावे गोळा करून दिवाणी न्यायालयाची पायरी चढायची. दुसरीकडे, महसुली नोंदीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे आणि 1908 च्या नोंदणी कायद्याखाली नोंदला जातो तो दस्त, मालकी नव्हे. तेव्हा आज पत्रिका दाखवून कर्ज काढणाऱ्यालाही उद्याच्या दाव्यापासून पक्के संरक्षण नाहीच.

शेतजमिनीच्या वारस नोंदीसाठी तलाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र मागतात. तसेच ते भूमी अभिलेख विभागाने गावठाणातही सनद (मिळकतीचा सरकारी दाखला) देण्यापूर्वी सक्तीने घ्यावे, त्यातील प्रत्येक वारसाला पोस्टाने नोटीस पाठवावी आणि हरकतीची मुदत नोटीस पोहोचल्यापासून मोजावी. सामाईक अंगण, बोळ, विहीर नकाशावर सामाईक म्हणूनच दाखवावीत. आमच्याकडे बोळ शेजाऱ्याच्या पत्रिकेत गेल्याने सांडपाण्याची मोरी काढायलाही आता त्याची परवानगी लागते. ज्या गावांत सनदा वाटून झाल्या, तिथे अशा चुकांच्या दुरुस्तीसाठी गावातच शिबिर घेण्याचा आदेश शासनाने काढावा, ही विनंती.

— एक वाचक, सातारा