रेकॉर्डिंग करताना फाइल फार आवळू नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, फोनवर तू म्हणालीस, "माझ्याच्यानं हे एडिटिंग आता होत नाही गं, हात चालत नाहीत." मागून बाबांचा आवाज आला, "कॉम्प्युटरच जुना झालाय." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. बाबांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर शिकवायचं, पडद्याचं रेकॉर्डिंग करायचं आणि तू तो व्हिडिओ कापून-जोडून नीट करायचा, हे तुमचं काम मला फार मोलाचं वाटतं. ते कंटाळून बंद पडू नये, म्हणून तुम्ही पाठवलेली फाइल उघडून पाहिली. तुझे हात ठीक आहेत, कॉम्प्युटरही चालेल. अडचण रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये आहे. समोर ठेवून करता यावं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

अर्धवर्तुळातला कोन काटकोन का असतो, हे बाबा समजावतात तो भाग घे. पडद्यावर वर्तुळ स्थिर आहे, हलतोय तो फक्त बाण. मध्येच बाबा खोकतात. तो खोकला काढायला मी एडिटरच्या टाइमलाइनवर, म्हणजे व्हिडिओच्या वेळेच्या पट्टीवर, जरा मागे गेले, तर चित्र थिजलं, आवाज पुढे गेला, मग चित्रानं एकदम उडी मारली आणि काप बसला तो नेमका "त्रिज्या" या शब्दाच्या मध्यावर. तुझंही रोज हेच होत असणार.

कारण असं आहे. 1920 × 1080 चा पडदा, सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे 30 चित्रं, आणि प्रत्येक ठिपक्याला 3 बाइट. काहीही न आवळता (कॉम्प्रेस न करता) साठवायचं म्हटलं तर सेकंदाला 18 कोटी 66 लाख बाइट होतात, म्हणजे मिनिटाला 11 जीबीच्या वर. म्हणून H.264 सारखा कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळायची पद्धत, एक चित्र पूर्ण साठवतो, त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं लिहितो. खर्चाच्या वहीत शिल्लक क्वचितच मांडली आणि एरवी फक्त जमा-खर्च लिहिला, तर मधल्या एखाद्या दिवसाची शिल्लक काढायला मागे जाऊन बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं, तसंच. तू टाइमलाइनवर मध्येच बोट ठेवतेस, तेव्हा कॉम्प्युटर मागच्या कीफ्रेमपर्यंत जातो आणि तिथून एकेक फ्रेम उभी करत तुझ्यापर्यंत येतो. सरळ बघताना हे जाणवत नाही, कारण तेव्हा तो पुढेच चाललेला असतो. अडतं ते कापताना.

आणि स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये हे जास्तच बोचतं. तुम्ही ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये वापरता तो एक्स२६४ एन्कोडर (व्हिडिओ H.264 मध्ये आवळणारा भाग), वेगळं काही सांगितलं नाही तर, दोन कीफ्रेममध्ये 250 फ्रेमपर्यंत अंतर ठेवतो. 30 फ्रेमच्या हिशेबानं हे 8 सेकंदांहून जास्त झालं. दृश्य एकदम बदललं तर तो आपणहून नवी कीफ्रेम टाकतो, पण बाबांच्या धड्यात दृश्य बदलतच नाही! त्यामुळे अंतर जवळजवळ नेहमीच पूर्ण ताणलं जातं.

आता काय करायचं ते. ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये आउटपुट उघडा, मोड अ‍ॅडव्हान्स्ड करा आणि रेकॉर्डिंगचा टॅब घ्या. तिथे कीफ्रेम इंटरव्हल 0 असेल. 0 म्हणजे एन्कोडरच्या मर्जीवर. तो 1 करा, म्हणजे दर सेकंदाला एक पूर्ण चित्र मिळेल. बाकी काही नाही जमलं तरी एवढं नक्की करा, निम्मा त्रास याच एका आकड्यात आहे.

बाबा, डिस्क भरू नये म्हणून तुम्ही बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा साठवायचा तो आकडा, ठरवून कमी ठेवलात. पण ठरावीक बिटरेट पडद्याच्या रेकॉर्डिंगला मानवत नाही. चित्र स्थिर असताना तेवढ्याची गरज नसते आणि तुम्ही पान बदललं की तेवढं पुरत नाही, मग अक्षरांभोवती डाग दिसतात. त्याऐवजी रेट कंट्रोलला सीआरएफ निवडा, म्हणजे चित्राचा दर्जा ठरतो आणि जागा लागेल तशी घेतली जाते, आणि आकडा 18 ठेवा. हे माप 0 ते 51 असतं. आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं. स्थिर पडद्याला मुळात कमी जागा लागते, त्यामुळे फाइल तुम्हाला वाटते तेवढी फुगणार नाही. प्रीसेट, म्हणजे एन्कोडरचा वेग, "व्हेरीफास्ट" असू द्या. संथ प्रीसेट फाइल लहान करतात, पण रेकॉर्डिंग चालू असताना प्रोसेसरची दमछाक होते आणि फ्रेम गळतात. गळलेली फ्रेम पुढे कशानंच परत येत नाही.

फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर अख्खा तास हातचा जाऊ शकतो. एमकेव्हीमध्ये तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं. आई, तुझ्या एडिटरला एमपी४च हवी असेल, तर ओबीएसच्या फाइल मेनूत "रीमक्स रेकॉर्डिंग्ज" आहे. त्यात चित्र पुन्हा आवळलं जात नाही, फक्त वेष्टण बदलतं.

फोनच्या पडद्याचं रेकॉर्डिंग असेल तर वेगळी खोड असते. पुष्कळ फोन फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतात आणि एडिटरमध्ये चित्र-आवाजाचा मेळ हळूहळू सुटतो. अशी फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडून काढून घे.

जुनी रेकॉर्डिंग पुन्हा करायची मुळीच गरज नाही. तुझ्या एडिटरमध्ये, केडेनलाइव्हमध्ये, प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी क्लिप चालू कर. तो कापायला सोपी अशी हलकी प्रत तयार करतो, तू तिच्यावर काम करतेस आणि शेवटी व्हिडिओ मूळ फाइलवरून बनतो. प्रती तयार व्हायला वेळ लागेल, तेवढ्यात उठून पाय मोकळे कर. तासन् तास खुर्चीत बसतेस ते मला आवडत नाही.

फाइल लहान करायची ती सर्वांत शेवटी, एक्स्पोर्ट करताना, म्हणजे तयार व्हिडिओ एडिटरमधून बाहेर काढताना. तेव्हा कीफ्रेम दूर असल्या तरी बिघडत नाही, कारण आता कोणी कापणार नाही, फक्त बघणार. तरी यूट्यूबवर चढवायच्या फाइलला हात सैल ठेवा, सीआरएफ 20 च्या आसपास. यूट्यूब ती स्वतः पुन्हा आवळतंच.

बाबा, एक तुमच्यासाठी. निळ्या पाटीवर बारीक लाल रेघ काढता ना, ती विरघळल्यासारखी दिसते. नेहमीच्या सेटिंगमध्ये उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक ठिपक्याची होते, पण रंगाची नोंद चार ठिपक्यांना मिळून एकच. लाल आणि निळा दोन्ही गडद, फरक फक्त रंगाचा, म्हणून कड पुसट होते. ओबीएसमध्ये रंगाचं सेटिंग वाढवता येतं, पण मग बऱ्याच कॉम्प्युटरवर फाइल जड चालते. त्यापेक्षा रेघ पांढरी घ्या आणि जरा जाड करा.

पुढचा धडा सुरू करण्याआधी या सेटिंगवर छोटं रेकॉर्डिंग करून बघा. आई, त्यात मुद्दाम मागे-पुढे जाऊन दोन-चार ठिकाणी काप आणि ती फाइल मला पाठव. एक सेकंदाचं अंतरही जड वाटलं तर आणखी कमी कसं करायचं ते मी फोनवर सांगेन. आणि मूळ रेकॉर्डिंग तोवर पुसू नका.

तुमची लेक