कामावर परतल्याने ईएसआयची पेन्शन थांबत नाही

मा. संपादक,
स. न.

अंधेरी एमआयडीसी, साकीनाका भागातल्या गाळ्यांत पॉवर प्रेसखाली बोटे गेलेल्या कामगाराला हमखास ऐकवले जाते, ‘हजेरी लागली की ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) पेन्शन बंद.’ सांगणारा कधी हिशेबनीस असतो, कधी शेजारच्या मशीनवरचा सोबती. हे अर्धेच खरे आहे. पण त्यापायी काही जण धडधाकट होऊनही घरी बसतात, तर काही जण नाव न लावता रोखीवर राबतात आणि पुढचा सगळा विमा गमावतात.

लाभ दोन आहेत आणि घोळ तिथेच होतो. जखम भरेपर्यंत मिळतो तो तात्पुरता अपंगत्व लाभ, सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के. ज्या दिवशी पगारी काम केले, त्या दिवसाचा हा लाभ मिळत नाही. ‘नुसता येऊन बस, पोरांवर लक्ष ठेव’ म्हणून मालकाने बोलावले तरी तो कामाचाच दिवस. दाव्याच्या अर्जात आपण काम केले नाही असे लिहून सही दिलेली असते, आणि ईएसआयचे शाखा कार्यालय ते कंपनीकडून पडताळून घेऊ शकते. तफावत निघाली तर पैसे वसूल होतात, खोट्या निवेदनाचा ठपका बसतो तो वेगळा. म्हणून दवाखान्याने कामावर जाण्यास योग्य असल्याचे अंतिम सर्टिफिकेट देईपर्यंत गाळ्याची पायरी चढू नये. या काळात कामावरून काढायला कायद्याने मनाई आहे.

कायमस्वरूपी अपंगत्व लाभाचे तसे नाही. कमाईची क्षमता किती टक्के गेली हे वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्या प्रमाणात तहहयात पैसे मिळतात. तीच नोकरी धरा, दुसरीकडे जा, पगार २१,००० च्या मर्यादेपलीकडे जाऊन विम्यातून बाहेर पडा, निवृत्त व्हा. हा लाभ चालूच राहतो. गेलेल्या बोटांची ही भरपाई आहे, तेव्हा ‘तुला पेन्शन आहे ना’ म्हणत पगार कमी लावणे हा निव्वळ अन्याय आहे.

हिशेब असा. कायद्याच्या परिशिष्टात अख्खा अंगठा गेल्यास ३० टक्के आणि अख्खी तर्जनी गेल्यास १४ टक्के धरले आहेत. सरासरी मजुरी ७०० रुपये असेल तर पूर्ण दर, म्हणजे तिचे ९० टक्के, ६३०, आणि अंगठ्याचे रोज १८९ रुपये. पण मालकाने कागदावर ४५० च दाखवून बाकीचे हातात रोख दिले असतील, तर रोज १२१ रुपये ५० पैसेच. हा ६७ रुपये ५० पैशांचा फटका आयुष्यभर बसतो. अपघात होण्याआधीच आपली वर्गणी किती पगारावर भरली जाते ते कामगाराने पाहून ठेवावे, ते याचसाठी.

अपघाताचा अहवाल मालकाने २४ तासांत द्यायचा असतो. त्यात ‘किरकोळ दुखापत’ असे मोघम लिहिले गेले की मंडळापुढे भांडण उभे राहते. कोणता हात, कोणते बोट, कुठल्या पेरापर्यंत, हे त्यात यायलाच हवे. अंतिम सर्टिफिकेट मिळाले की लाभ आपोआप सुरू होईल अशी वाट पाहणारे पुष्कळ असतात. त्यांनी लगेच शाखा कार्यालयात जाऊन मंडळाकडे प्रकरण पाठवण्याचा लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. मंडळाने टक्केवारी काही मुदतीपुरतीच ठरवली असेल तर फेरतपासणीला गेलेच पाहिजे. टक्के कमी वाटले, तर निर्णय कळल्यापासून ३ महिन्यांत अपील करता येते.

युडीआयडी कार्डावरचे, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावरचे टक्के आणि या मंडळाचे टक्के यांचा एकमेकांशी संबंध नाही. दिव्यांगांच्या सवलतींसाठी ४० टक्के लागतात म्हणून इथेही लागतील, असे समजून कित्येक जण अर्जच करत नाहीत.

लोअर परळच्या पंचदीप भवनातून, म्हणजे ईएसआयच्या कार्यालयातून एवढे तरी व्हावे: अंतिम सर्टिफिकेटवरच मराठीत आणि हिंदीत शिक्का मारावा, ‘कामावर गेल्याने कायमस्वरूपी लाभ बंद होत नाही, वैद्यकीय मंडळासाठी अर्ज करा’. आणि हाच मजकूर प्रत्येक दवाखान्याच्या खिडकीशी, रांगेत उभ्या माणसाला वाचता येईल एवढ्या अक्षरांत लावावा.

– एक कामगार कार्यकर्ता, घाटकोपर