मॅडमचं दप्तर एकत्र राहावं म्हणून

इमारती रचणाऱ्या, डिझाइन शिकवणाऱ्या आणि चित्रप्रदर्शनं मांडणाऱ्या आमच्या मॅडम गेल्या आणि मागे खोल्या भरून कागद राहिले. इमारतींची ड्रॉइंग, डिझाइनच्या पहिल्या वर्षाला घातलेले प्रश्न, चित्रप्रदर्शनांचे भिंतवार आराखडे: कुठलं चित्र किती उंचीवर, कुणाच्या शेजारी. घरच्यांनी हे सगळं विश्वासाने आमच्या समितीकडे दिलं, आणि तिथेच घोडं अडलंय.

आर्किटेक्चरच्या संग्रहाला फक्त ड्रॉइंग हवीत, कलादालनाला कॅटलॉग. असाइनमेंट कुणालाच नकोत. पण एकाच ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर वर जिन्याचा छेद (जिना उभा कापल्यासारखा दाखवणारं ड्रॉइंग), खाली त्याच जिन्यावरून विद्यार्थ्यांना घातलेला प्रश्न आणि मागे ‘शिल्प उतरताना दिसलं पाहिजे’ अशी पेन्सिलीची नोंद असेल, तर तो कागद कुणाच्या कपाटात जाणार?

मॅडम नेहमी लीना बो बार्दींचं उदाहरण देत. रोममध्ये आर्किटेक्चर शिकलेल्या या बाईंनी ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या कलासंग्रहालयाची 1968 मध्ये खुली झालेली इमारत रचली, आणि आतली चित्रं भिंतीवर न टांगता काँक्रीटच्या ठोकळ्यांत रोवलेल्या काचांवर लावली. 1996 मध्ये त्या काचा हटवल्या गेल्या, 2015 मध्ये परत आल्या. मॅडमच्या प्रदर्शनांना असं परत येणं हवं असेल, तर आधार या कागदांचाच.

वेळ थोडा आहे. काही स्लाइडच्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास सुटलाय, म्हणजे फिल्म आतून कुजू लागली आहे. अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनिया वापरून काढलेल्या ड्रॉइंगच्या प्रती, फिके पडताहेत. रबरबँड कागदाला चिकटून बसलेत. (इमारतींच्या मॉडेलांचं काय करायचं, यावर समितीत अजून भांडण चालू आहे.)

पैसे लागणार आहेत ते आम्लमुक्त खोकी, ड्रॉइंग सपाट ठेवायचे मोठे खण आणि स्कॅनिंग यांसाठी. जमेल तेवढं द्या. पावती मिळेल, हिशेब कुणालाही पाहता येईल. त्याहून मोठी गरज माणसांची आहे. मॅडमचं अक्षर लावणं सोपं नाही, आणि ते त्यांच्या विद्यार्थ्यांनाच जमेल. माळ्यावर पडलेली जुनी शीट, ज्युरीचे, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडतानाचे फोटो, वर्गातल्या वह्या असतील तर त्याही द्या, नाहीतर स्कॅन करून परत घेऊन जा. लाल पेन्सिलीने भरलेली, दाखवायला लाज वाटेल अशी शीट तर आधी हवीत. मॅडम शिकवत कशा, ते त्यांतच दिसतं.

या कागदांची यादी करायच्या कामाला यायचं असेल तर समितीतल्या कुणालाही सांगा. येताना पेन्सिल आणा, शाईचं पेन कागदांच्या खोलीत चालत नाही.