फळी करून देणाऱ्या सुतारकाकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण समोर येऊन आभार मानले की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि रंधा चालवायला लागता. तुमचा मुलगा मोबाइलवर वाचून दाखवेल. मधेच उठू नका.

स्केटबोर्ड, म्हणजे चाकांची फळी, चालवणाऱ्या पहिल्या पिढीतल्या बायकांची चित्रं काढायचं काम पुण्याच्या एका ताईंकडून मिळालं, तेव्हा मला चेहऱ्यांची भीती नव्हती. दारव्ह्याच्या आसपासच्या कितीतरी घरांतल्या वारलेल्या माणसांची चित्रं मीच काढली आहेत. आधार कार्डावरच्या फोटोतूनही आजीचं हसू शोधता येतं. अडलं ते पायांशी. ताईंना पूर्ण आकृती हवी होती, आणि माझ्या कागदावरची पेगी ओकी वळण घेतच नव्हती. मिरचीच्या वाफ्यात निंदायला बसल्यासारखी दिसत होती. ही बाई 1975 साली कॅलिफोर्नियात डेल मारच्या स्पर्धेत झेफर नावाच्या स्केटबोर्ड संघाकडून उतरली. संघात ती एकटीच मुलगी, आणि मुलींच्या फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या कसरतींत, पहिली आली. त्यात ती स्वतः चित्रकार! तिला असं बसवून कसं चालेल?

ज्यांच्याकडे चित्रकला शिकले ते म्हणाले, पाय जमत नसतील तर छातीपर्यंतच काढ. एका फ्रेमवाल्याने विचारलं, ह्या कोण बाया? देवाचे काढा, नेत्यांचे काढा, खपतील तरी. एका क्रीडा कार्यालयात नुसता बघायला बोर्ड मागितला, तर अर्ज करा म्हणाले. केला. तो अर्ज अजून तिथेच निवांत पडला असेल.

तुम्ही पेगीचा फोटो हातात घेतलात आणि बाई कोण, कुठली, हे विचारायच्या आधी चाकं पाहिलीत. "हे पोट्टी वाकते तिकडंच फळी वयते. म्हंजे आस ढिला ठेवला हाय यानं." एवढंच. मग जुन्या दाराची सागवानी फळी, चाकांच्या जागी भंगारातली बेरिंगं, आणि आस व फळीच्या मधे सायकलच्या ट्यूबचे तुकडे. खऱ्या बोर्डातही त्या जागी नरम चकत्या असतात, त्या दबल्या की बोर्ड वळतो, हे मी नंतर वाचलं. तुम्ही ते फोटोवरूनच ओळखलंत.

पण हे पत्र फळीसाठी नाही. ग्रामपंचायतीच्या सिमेंट रस्त्यावर मी त्या फळीवर पाय ठेवला, तेव्हा पारावरची मंडळी वळून बसली होती, दोघातिघांनी मोबाइलही काढले होते. मला आधार हवा होता आणि कुणाचा हात धरायची हिंमत नव्हती. उद्या गावात काय बोललं गेलं असतं ते तुम्हालाही ठाऊक, मलाही. तुम्ही काही न बोलता एक लांब पट्टी उचललीत, एक टोक माझ्या हातात दिलंत, दुसरं स्वतः धरलंत आणि पाराच्या बाजूने चालू लागलात. मंडळींना तुमची पाठच दिसली. "गुडघे वाकव नं बाई, ताठ राह्यशीन तं पडशीन." त्या एका वाक्यात माझं अडलेलं चित्र सुटलं. वजन कंबरेतून गुडघ्यात आणि तिथून टाचेत कसं उतरतं, ते अंगाला कळलं.

तुमची लोखंडी बेरिंगं सिमेंटवर सटकत होती, तेव्हा मला पॅटी मॅगी आठवली. 1964 ची अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय विजेती. 1965 मध्ये 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर ती बोर्डवर हातांवर उलटी उभी आहे, पाय आभाळात, अनवाणी. तेव्हा चाकं मातीच्या मिश्रणाची असत, बारीक खडा आला तरी अडकणारी. पेगीच्या काळापर्यंत युरेथेनची, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकची, चाकं आली होती, ती रस्ता धरून ठेवत, म्हणून तिला इतकं खाली झुकता आलं. सगळा भार हातांवर, म्हणून आता पॅटीची मनगटं मी गडद काढली आहेत.

मदत करणारे पुष्कळ असतात हो काका, पण मदत घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही एवढं बघणारे थोडे. तुम्ही लाकडाचे पैसे घेतले नाहीत, "बेरिंगचे तेवढे दे" म्हणालात. तेही मला फार बरं वाटलं. सगळंच फुकट दिलं असतंत, तर दुसऱ्यांदा मी तुमच्या दारात आले नसते.

बाकीची चित्रं पुण्याला पोचली. आता शेवटचं सुरू आहे, आशा गोंडचं. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातलं जनवार हे तिचं गाव. तिथे 2015 मध्ये स्केटपार्क झाला, आणि नियम असा की शाळेत गेलात तरच बोर्ड मिळेल, त्यातही मुली आधी. 2018 मध्ये ती चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळली. तिचे पाय बघायला एकदा या. चुकले असतील तर तुम्हीच सांगू शकाल.

तुमच्या नातीला फळी हवी आहे असं कळलं. रविवारी आणून देते. मागच्या बाजूचं रबर झिजलंय, तेवढं बदलून मगच तिला चढू द्या.

तुमची,
फोटोवाली पोरगी