अमेली कोबरची दखल हवी

हिवाळी ऑलिम्पिकच्या बातम्या आपल्याकडे पदकतक्त्यापुढे फारशा जात नाहीत, म्हणून जर्मनीच्या अमेली कोबर या स्नोबोर्डपटूविषयी हे पत्र. २००६च्या तुरीन ऑलिम्पिकमध्ये समांतर जायंट स्लॅलममध्ये तिने रौप्यपदक जिंकले, तेव्हा ती अवघी १८ वर्षांची होती. या शर्यतीत दोघी स्पर्धक पायाखालच्या एकाच फळीवर (स्नोबोर्ड) उभ्या राहून बर्फाच्या उतारावर शेजारशेजारच्या मार्गांवरून एकाच वेळी उतरतात, झेंड्यांना वळसे घालत, हरणारी बाद. प्रतिस्पर्धी डोळ्यांच्या कोपऱ्यात सतत दिसत असताना तोल सांभाळणे सोपे नाही. एक चुकलेले वळण आणि सारे संपले!

२०१०ला व्हँकुव्हरमध्ये ती गर्भवती असताना उतरली. पदक हुकले. मात्र आई झाल्यावर ती पुन्हा बर्फावर आली आणि २०१४ला सोची येथे समांतर स्लॅलममध्ये तिने कांस्यपदक पटकावले. त्या शर्यतीचे रौप्यही जर्मनीच्याच आंके कार्स्टेन्सला मिळाले. मला पहिल्या पदकापेक्षा हे दुसरे पदक मोठे वाटते. बाळंतपणानंतर शरीर नव्याने घडवून पुन्हा जगातल्या पहिल्या तिघींत येणे ही असामान्य गोष्ट आहे.

जर्मनीत अनेक हिवाळी खेळाडूंना लष्करात, संघराज्य पोलिसांत किंवा सीमाशुल्क खात्यात नोकरी देऊन सरावाची मोकळीक मिळते. या व्यवस्थेवर आणि माता-खेळाडूंच्या पुनरागमनावर आपल्या क्रीडा पानात सविस्तर लेख यावा, ही आग्रहाची विनंती.

— एक वाचक, सातारा